वाळूत रुतल्यावर कुणाचं ऐकायचं?

प्रश्न : आम्ही सहा मित्र दोन जीप घेऊन जैसलमेरकडच्या वाळूत मुक्कामी जाणार आहोत. गाडी रुतली की सगळेच सूचना देतात. काय करावं?

उत्तर : सूचना एकानेच द्यायची, तीही हाताने, कारण इंजिनाच्या आवाजात शब्द पोचत नाहीत. त्याने ड्रायव्हरला दिसेल असं, पण गाडीच्या वाटेबाहेर उभं राहावं. मूठ वळली की थांबायचं. बाकीच्यांनी फावडी घ्यावीत. चाकांपुढची वाळू उपसा, टायरची हवा १८ पौंडांवर आणा. बहुतेकदा तेवढ्यानेच गाडी निघते. दुसऱ्या जीपने ओढायला पट्टा लावावाच लागला तर तो टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) अजिबात अडकवू नका. हा बॉल तुटला की गोळीसारखा सुटतो, माणसं दगावली आहेत. ओढताना सगळे लांब. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरा. मुक्कामाला मात्र उजेडातच पोचा. थकलेली माणसं अंधारात तंबू ठोकताना हमखास भांडतात.