लहान संगणकपेटी व पाण्याचें शीतन

संगणकाचा प्रोसेसर काम करूं लागला म्हणजे तापतो, व ही उष्णता वेळींच बाहेर न गेल्यास तो आपली गति आपोआप मंद करतो. लहान पेटींतील मुख्य फलक अवघा १७० मिलिमीटर लांब व तितकाच रुंद असतो. तेथें उंच शीतकास जागा नसते. म्हणून कित्येक लोक पाण्याचा आश्रय घेतात. एक ग्रॅम पाणी एक अंश तापण्यास सुमारें ४.२ ज्यूल उष्णता लागते, तितक्याच हवेस सुमारें १. परंतु पाणी हा केवळ हमाल होय. रेडिएटरपर्यंत नेलेलें ओझें अखेर हवेच्याच स्वाधीन करावें लागतें. यास्तव पेटी कापण्यापूर्वीं पहिला प्रश्न हा कीं, ताजी हवा कोठून येईल व तापलेली कोठून जाईल?

नंतर माप घ्यावें. सामान्य रेडिएटर सुमारें २७ मिलिमीटर जाड व त्यावरील पंखा २५. म्हणजे ५२ मिलिमीटर जागा हवी, शिवाय नळीच्या वळणास निराळी. पुठ्ठ्याचा नमुना करून तो पेटींत बसवून पाहावा. पत्रा कापतांना आंतील सर्व भाग बाहेर काढावे. धातूचा कीस फलकावर राहिल्यास विद्युत्प्रवाह भलत्या वाटेनें जातो. कड कानशीनें घासावी, नाहींतर नळी चिरेल. रेडिएटरचा कांहीं भाग पंपाहून उंच असावा, म्हणजे हवा पंपांत सांचणार नाहीं.

मुलांनो, कापलेला पत्रा पुनः सांधत नाहीं. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्याचा दृष्टांत तुम्हांस ठाऊकच आहे. तो कारागिराच्या मेजावरहि तितकाच खरा आहे.