एक नाव, दोन कार्डे

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील चित्र तयार करणारा स्वतंत्र भाग, एवढी ओळख आमच्या कलाशाखेच्या वाचकांस पुरेशी व्हावी. दोन कार्डांपैकी सरस कोणते, हे ठरविण्याची रूढ रीत अशी : एकच गेम दोन्हींवर चालवावयाचा, दर सेकंदास किती चित्रे निघाली ते मोजावयाचे आणि सरासरी काढावयाची. ज्याची सरासरी मोठी, ते कार्ड चांगले. प्रस्तुत लेखात या रीतीकडे जरा संशयाने पाहावयाचे आहे. त्यासाठी मी निवडलेली दोन्ही कार्डे एकाच कंपनीची व एकाच नावाची आहेत.

एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने जुलै २०१६ मध्ये ‘जीफोर्स जीटीएक्स १०६०’ हे कार्ड बाजारात आणले. त्याची मेमरी ६ जीबी व किंमत २४९ डॉलर होती. पुढच्याच महिन्यात त्याच नावाचे ३ जीबीचे कार्ड १९९ डॉलरला आले. वरकरणी फरक मेमरीचाच दिसतो. परंतु मोठ्या कार्डात आकडेमोड करणारे १२८० कोअर आहेत, तर लहानात ११५२. मूळ चिप एकच. तिच्यात १२८ कोअरांचे दहा गट असून लहान कार्डात त्यांपैकी एक गट बंद ठेवलेला आहे. नावात मात्र याचा मागमूस नाही.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला या उठाठेवीचे कारण काय, असे कोणी विचारील. माझा थोरला भाऊ तालुक्याच्या गावी लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. त्याने मागच्या लग्नसराईआधी एक जुने कार्ड विकत घेतले. विक्रेत्याने पावतीवर फक्त ‘१०६०’ एवढेच लिहिले. घरी आल्यावर कळले की ते ३ जीबीचे आहे. दादाचे म्हणणे, “अरे, दहा टक्क्यांचा तर फरक. त्याने काय अडणार आहे?” त्याच्या या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी जे वाचले व पाहिले, ते येथे मांडीत आहे.

दादाचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. कोअर दहा टक्क्यांनी कमी आहेत, आणि ज्या गेममध्ये ३ जीबी मेमरी पुरते तेथे दोन्ही कार्डांच्या सरासरीतील फरकही त्याच्या आतबाहेरच राहतो. खरा प्रश्न मेमरी अपुरी पडल्यावर सुरू होतो.

माझे वडील गवंडीकाम करतात, म्हणून मला हे त्यांच्याच कामावरून समजले. कोअर म्हणजे परातीवर उभे असलेले गवंडी, आणि कार्डावरची मेमरी म्हणजे त्यांच्या हाताशी रचून ठेवलेल्या विटा. दहापैकी एक गवंडी कमी आला तर भिंत थोडी उशिरा उठते, इतकेच. पण हाताशी असलेल्या विटा संपल्या आणि पुढच्या भट्टीवरून आणाव्या लागल्या, तर सगळेच गवंडी तंबाखू मळीत बसतात. येथे भट्टी म्हणजे संगणकाची मुख्य मेमरी. कार्डावरील मेमरीतून दर सेकंदास १९२ जीबी माहिती कोअरांपर्यंत पोहोचू शकते. मुख्य मेमरीतून कार्डाकडे येणारा रस्ता सेकंदास सुमारे १६ जीबींचा, म्हणजे बारा पटींनी अरुंद.

आता ३ जीबी भरते तरी कशाने? १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे एक चित्र, प्रत्येक ठिपक्यास चार बाइट धरले तरी सुमारे ८३ लाख बाइटांत मावते. तेवढ्याने काहीच भरत नाही. जागा खातात ती गेममधल्या भिंती, दगड, चेहरे यांवर चढविलेली पृष्ठचित्रे. ४०९६ गुणिले ४०९६ ठिपक्यांचे असे एकच पृष्ठचित्र, दाबून लहान केले नाही तर, पावणेसात कोटी बाइटांच्या घरात जाते. आणि एका दृश्यात अशी लहानमोठी शेकडो चित्रे असतात.

ही अडचण सरासरीत धड का दिसत नाही, ते समजण्यास अर्थशास्त्राच्या तासाला शिकलेले संख्याशास्त्र माझ्या कामी आले. समजा, एका कार्डाने सेकंदात ६० चित्रे काढली व प्रत्येकास सुमारे १६.७ मिलीसेकंद लागले. दुसऱ्याने ५५ चित्रे दहा-दहा मिलीसेकंदांत काढली, पण उरलेल्या पाचांना प्रत्येकी ९० मिलीसेकंद लागले. बेरीज करून पाहा : ५५० अधिक ४५०, म्हणजे बरोबर एक सेकंद. दोघांचीही सरासरी ६०! पण पहिल्या पडद्यावरचा माणूस सरळ चालतो, आणि दुसऱ्यावरचा सेकंदातून पाच वेळा ठेचकाळतो. शतमक काढले तर हे तत्काळ उघडकीस येते. ९९ वे शतमक पहिल्याचे १६.७ येईल, दुसऱ्याचे ९०. वर्गात शतमकाची गणिते सोडविताना याचा उपयोग काय, असे आम्ही एकमेकांत कुजबुजत असू!

संगणकाच्या परीक्षकांनीही बराच काळ सरासरीवरच भागविले होते. २०११ साली ‘टेक रिपोर्ट’मध्ये स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक चित्रास लागलेला वेळ तपासण्याची पद्धत पुढे मांडली. त्यानंतर सरासरीच्या शेजारी सर्वांत मंद एक टक्का चित्रांचा आकडा देण्याची चाल पडत गेली. कार्डांची तुलना वाचताना मी आता तोच आकडा आधी पाहतो.

दादाच्या कामात गेम नाहीत, त्यामुळे तेथे हा आकडाही अपुरा पडतो. फुल एचडी चित्रण असेल तर त्याचे कार्ड निमूटपणे चालते. परंतु हल्ली नवरीकडची मंडळी फोर-के मागतात. त्यात ठिपके चौपट. त्यावर रंगांचे संस्कार चढविले की ‘जीपीयूची मेमरी भरली’ असा संदेश पडद्यावर येतो आणि काम थांबते. शेजारच्या स्टुडिओतील ६ जीबीच्या कार्डावर तीच फीत शेवटपर्यंत गेली. मग दहा टक्क्यांचा फरक कोठे राहिला? एकीकडे काम होते, दुसरीकडे होत नाही.

नावाचा हा घोळ पुढेही झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये याच कंपनीने ‘आरटीएक्स ४०८०’ या एका नावाने १६ व १२ जीबीची दोन कार्डे जाहीर केली. एकात ९७२८ कोअर, दुसऱ्यात ७६८०. या वेळी ओरड एवढी झाली की ऑक्टोबरमध्ये कंपनीने १२ जीबीचे कार्ड मागे घेतले, आणि जानेवारी २०२३ मध्ये ते ‘४०७० टीआय’ या नावाने आणले. १०६० च्या वाट्याला असे बारसे आले नाही. उलट चीनमध्ये त्याचे ५ जीबीचेही एक भावंड निघाले.

जुने कार्ड घेणाऱ्याने ‘जीपीयू-झेड’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम दुकानातच चालवून पाहावा. त्यात ‘शेडर्स’ या शब्दापुढे १२८० की ११५२, ते स्पष्ट दिसते, व मेमरीही दिसते. दादाने कार्ड बदललेले नाही. तेवढे पैसे या हंगामात नव्हते. तो फोर-के चित्रणाच्या लहान प्रती करून त्यांवर काम करतो, अंतिम फीत फुल एचडीत देतो आणि गिऱ्हाइकाला ते आगाऊ सांगतो. यंदा दोन गिऱ्हाइके त्यामुळे परत गेली.