निवासमंडपाची बांधाबांध

अभ्यासपाठ : गणना ४, ७:१-९, १०:११-२८



पवित्र शास्त्राचे क्रमवार वाचन करणारे पुष्कळजण गणनाच्या चौथ्या अध्यायापाशी आले की पाने भराभर उलटतात. कापडे, कातडी, दांडे, मेखा, तणावे आणि शेवटी माणसांची मोजदाद. यात मननाजोगे काय असणार, असे त्यांना वाटते. परंतु ज्या घरात बदलीचा हुकूम येऊन पडला आहे, किंवा ज्या घरातील वृद्ध आईला आता मुलाच्या गावी न्यायचे आहे, त्या घरात बसून हा अध्याय वाचून पाहा. बिऱ्हाड कसे हलवावे याचा इतका तपशील शास्त्रात दुसरीकडे क्वचितच आढळेल. रेल्वे, सैन्य, शाळा, रुग्णालये आणि मंडळीची सेवा यांमुळे आपल्यापैकी अनेकांचे बिऱ्हाड विंचवासारखे पाठीवरच असते. म्हणून या पाठाचा अभ्यास आपण कामाच्या दृष्टीनेही करू या.

१. उपटणे आणि उचलणे

इस्राएल लोकांनी 'कूच केले' असे आपण वाचतो, तेथे मूळ हिब्रू क्रियापद 'नासा' हे आहे. त्याचा मूळ अर्थ उपटणे, विशेषतः तंबूची मेख उपटणे. यशया ३३:२० मध्ये ते मेखांसंबंधानेच आले आहे. याच उच्चाराच्या जवळ जाणारे, परंतु वेगळ्या अक्षरांनी लिहिले जाणारे दुसरे क्रियापद आहे. त्याचा अर्थ उचलणे, वाहणे. त्यापासून 'मस्सा' म्हणजे ओझे हा शब्द झाला, आणि चौथ्या अध्यायात तो पुनःपुन्हा येतो. सुदैवाने आपल्या भाषेतही ही जोडी साधते : उपटणे आणि उचलणे.

उपटण्याची वेळ इस्राएलाच्या हाती नव्हती. मेघ दोन दिवस थांबे, कधी महिना, कधी त्याहून अधिक (९:२२). सीनायपाशी ते जवळजवळ अकरा महिने राहिले आणि दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्याच्या विसाव्या दिवशी निघाले (१०:११). परंतु काय, कोणी आणि कसे उचलायचे हे मेघ उठण्यापूर्वीच ठरलेले होते. आपल्या बाबतीतही बदलीची तारीख दुसरे कोणी ठरवतो. बांधाबांधीची शिस्त मात्र आपल्या हाती असते.

२. बांधणारा आणि वाहणारा

कहाथाच्या वंशजांकडे परमपवित्र वस्तू वाहण्याचे काम होते. परंतु त्या बांधण्याचे काम त्यांचे नव्हते. अहरोन व त्याचे पुत्र आत जाऊन प्रत्येक वस्तू झाकत, आणि ते पूर्ण झाल्यावरच कहाथी आत येत (४:५-१५). विसाव्या वचनात कहाथ्यांनी त्या वस्तू पाहू नयेत म्हणून ताकीद आहे. तेथील हिब्रू वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ 'गिळावे तसे' असा होतो. काही भाषांतरकार त्याचा अर्थ 'क्षणभरसुद्धा', म्हणजे घोट गिळायला लागतो तेवढाही वेळ, असा करतात. काहींनी 'झाकल्या जात असताना' असा केला आहे.

पवित्रस्थानाविषयीची ही आज्ञा जशीच्या तशी आपल्या घराला लागू होत नाही. तरी तिच्यातून मर्यादेची एक जाणीव घेण्यासारखी आहे. वाहणाऱ्याने सर्व काही उघडून पाहण्याची गरज नसते. आईची पेटी, वडिलांच्या दैनंदिनी, दिवंगत पतीची पत्रे, त्यांचे शास्त्र व गीतांचे पुस्तक, या वस्तू ज्याच्या आहेत त्याच्या हातानेच बांधल्या जाव्यात. म्हातारीला दुपारी झोपवून तिच्या पेटीतील 'अडगळ' परस्पर भंगारात घालणारी मुले वाईट नसतात, घाईत असतात. परंतु त्या घाईत जे नाहीसे होते ते नव्या घरात विकत मिळत नाही. तिला चार दिवस आधी पेटीजवळ बसवा. काय ठेवायचे, काय कोणाला द्यायचे, हे तिलाच सांगू द्या. हात थरथरत असतील तर दोरी तुम्ही आवळा.

३. बांधण्याची रीत

आता क्रम पाहा. सर्वांत आधी कोश. मग समर्पित भाकरीचे मेज, दीपवृक्ष, सोन्याची वेदी, सेवेची पात्रे आणि शेवटी होमवेदी. आतून बाहेर अशी ही वाटचाल आहे. तिच्यातील चार गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

(अ) आत मऊ कापड, वर कातडे. बहुतेक वस्तूंना कापडात गुंडाळून वर तहशाच्या कातड्याचे आच्छादन घालत. तहश हा कोणता प्राणी याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही, पण कातड्याचे काम उघड आहे : ऊन, धूळ व दव यांपासून बचाव. कोशाला मात्र आधी अंतरपट, मग कातडे आणि सर्वांत वर निळे कापड असे. त्यामुळे तो इतर ओझ्यांतून सहज ओळखू येई. आपणही काचेची भांडी जुन्या लुगड्यांत व चादरींत गुंडाळून मग खोक्यात भरावी, बशा आडव्या न रचता उभ्या ठेवाव्या, आणि पहिल्या रात्री लागणाऱ्या खोक्याला वेगळ्या रंगाची खूण करावी.

(आ) सोबतीच्या वस्तू सोबतच. दीपवृक्षाबरोबर त्याचे दिवे, चिमटे आणि तेलाची पात्रे एकत्र बांधली जात. वेदीची उपकरणे वेदीवरच ठेवली जात. पलंगाचे खिळे व पाने पलंगालाच पिशवीत बांधून ठेवावेत, हा नियम येथे आहेच. भाकरीही मेजावरच असे (४:७). प्रवासातले जेवण, पाणी व औषधे तशीच हाताशी ठेवावी, ट्रकच्या तळाशी नव्हे.

(इ) आधी राख काढावी. होमवेदी झाकण्यापूर्वी तिच्यातील राख काढण्याची आज्ञा आहे (४:१३). चूल, शेगडी, तवा, पाण्याची पिंपे आदल्या दिवशी घासून पूर्ण कोरडी करावी. ओलसर भांडे सोबतच्या अंथरुणालाही कुबट करते. घरातील राख केवळ चुलीत नसते हेही लक्षात असू द्या. शेजाऱ्याशी अबोला, वाण्याची बाकी, कोणाचे आणलेले पुस्तक, हे सर्व निघण्यापूर्वी निस्तरावे.

(ई) नावनिशीवार यादी. मरारीच्या वंशजांना प्रत्येक वस्तू नाव घेऊन सोपवली जाई (४:३२). त्यांच्याकडे फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, मेखा व तणावे होते, म्हणजे सहज हरवणाऱ्या किरकोळ वस्तूही. एक मेख कमी पडली तर पडदा ढिला राहतो. खोक्यांना क्रमांक घाला, वहीत प्रत्येक क्रमांकापुढे आतील वस्तू लिहा आणि वही स्वतःजवळ ठेवा. कोशाचे दांडे कड्यांतून कधीच काढायचे नव्हते (निर्गम २५:१५). तसा एक कागदपत्रांचा संच नेहमी तयार असावा. बाप्तिस्मा व विवाह यांचे दाखले, शाळेचे दाखले, रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुन्या मंडळीकडून घेतलेले सभासदत्वाचे पत्र त्यात हवे. हे पत्र पुष्कळजण विसरतात, आणि मग नव्या गावी कित्येक वर्षे पाहुण्यासारखे मागच्या बाकावर बसतात.

४. गाडी कोणाला, खांदा कोणाला

निवासमंडपाच्या चांदीच्या शंभर उथळ्या होत्या, प्रत्येकी एक किक्कार (निर्गम ३८:२७). किक्कार म्हणजे सुमारे ३० ते ३५ किलो. एवढे वजन, शिवाय दहा हात लांबीच्या ४८ फळ्या! म्हणून बारा सरदारांनी दिलेल्या सहा गाड्या व बारा बैल यांची वाटणी समसमान झाली नाही. गेर्षोन्यांना पडद्यांसाठी दोन गाड्या व चार बैल, मरारींना चार गाड्या व आठ बैल, आणि कहाथ्यांना एकही नाही. त्यांनी खांद्यावर वाहायचे होते (७:६-९). पुढे दाविदाच्या काळी कोश नव्या कोऱ्या गाडीवर ठेवला, बैल अडखळले, आणि कोशाला हात लावणारा उज्जा मरण पावला (२ शमुवेल ६). कोश लेव्यांनीच वाहायला हवा होता, हे दाविदाने नंतर स्वतःच सांगितले (१ इतिहास १५). काही ओझी भाड्याच्या गाडीवर टाकता येत नाहीत. मुलांची धास्ती आणि वृद्धांचे एकाकीपण ही ओझी खांद्यावरच वाहावी लागतात.

दोन सरदारांमागे एक गाडी, अशी ती देणगी होती. यावर आपल्या मंडळ्यांनी विचार करावा. पाळकाच्या निधनानंतर त्याच्या कुटुंबाला पाळकनिवास रिकामा करावा लागतो. आपण शोकसभा घेतो, उत्तम भाषणे करतो. आणि महिन्याभराने ती विधवा लहान मुलांना घेऊन एकटीच खोकी बांधत असते. तिला त्या दिवशी आणखी एका भाषणाची गरज नसते. दोन कुटुंबांनी मिळून टेम्पोचे भाडे द्यावे, चार तरुणांनी कपाट उतरवावे. लेव्यांच्या वहनसेवेसाठी तीस ते पन्नास वयाचे ८,५८० पुरुष मोजले गेले (४:४८). आपल्या मंडळीत अशा सेवेसाठी किती हात आहेत, हे कधी मोजले आहे काय?

५. पोहोचण्याआधी उभे घर

दहाव्या अध्यायातील क्रम या पाठाचा कळस आहे. यहूदाच्या दळामागून गेर्षोनी व मरारी मंडपाचे सामान घेऊन निघत. मग रऊबेनाचे दळ जाई आणि त्यामागून पवित्र वस्तू घेऊन कहाथी. कारणही दिले आहे : कहाथी पोहोचण्यापूर्वी मंडप उभा झालेला असावा (१०:१७, २१). पवित्र वस्तू उघड्या रानात ताटकळू नयेत, म्हणून आधी छत.

तेव्हा नव्या घरी पोहोचल्यावर शोभेच्या वस्तूंची खोकी उघडू नका. आधी अंथरूण, दिवा, पाणी आणि चूल. शक्य असल्यास घरातील एकाने आदल्या दिवशी पुढे जावे. आणि जेथे आपण आधीपासून राहत आहोत त्या शहरात कोणी मराठी ख्रिस्ती कुटुंब बदलून येणार असेल, मग ते इंदूर असो, बडोदे असो की हैदराबाद, तेथे मरारीचे काम आपले आहे. खोली झाडून ठेवा, घागर भरा, रात्रीची भाकरी पोहोचवा. अनोळखी भाषेच्या गावात दाराशी कोणी मराठीत "या" म्हटले, तर दिवसभराचा शीण त्या एका शब्दाने निम्मा होतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील कोणत्या वस्तू कोणाच्या हातानेच बांधल्या जाव्यात?
२. हे घर सोडण्यापूर्वी आपल्याला कोणती 'राख' काढायची आहे?
३. या वर्षी आपल्या मंडळीतून कोण जाणार आहे, कोण येणार आहे, आणि त्यांच्यासाठी कोणत्या दोन कुटुंबांनी मिळून गाडी द्यावी?