दगडफूल आणि चंदन

नायगांवच्या बाजारांतून काळ्या मसाल्याचें सामान आणलें, म्हणजे त्यांत दगडफुलाची पुडी असावयाचीच. आणि सहाणेवर उगाळलेलें चंदन तर सर्वांच्या परिचयाचें आहे. दोन्ही पदार्थ सुगंधी व रानांतले. तथापि सृष्टिशास्त्रांत त्यांचीं स्थानें किती भिन्न आहेत, तें आपण पाहूं.

आम्हीं वर्गांत दगडफूल दाखविलें, तेव्हां बहुतेकांनीं त्यास फूलच म्हटलें. परंतु त्यास फूल नाहीं, मूळ नाहीं, खोडहि नाहीं. तें खडकांवर तसेंच झाडांच्या सालीवर वाढतें. तो एक जीव नसून दोघांचा संसार आहे. बुरशी आसरा व ओलावा देते. शैवाल सूर्यप्रकाशांत अन्न तयार करतें. लिनियसनें १७५३ सालीं या वर्गास शैवालांत घातलें होतें. ही जोडी श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञानें १८६७ सालीं ओळखली. आज त्यांतील बुरशीवरून दगडफुलाची गणना कवकसृष्टींत होते.

चंदन हा मात्र वनस्पतिसृष्टींतील सपुष्प, द्विदल वृक्ष. त्याचें 'सँटालम आल्बम' हें नांव लिनियसनेंच ठेविलें. तो पानांत अन्न तयार करतो. पण त्याचीं मुळें शेजारच्या झाडांच्या मुळांस चिकटून पाणी व क्षार घेतात. म्हणून शेजाराविना चंदन नीट वाढत नाहीं.

आतां संरक्षणाविषयीं. १९४८ सालीं स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघटना जीवजातींची 'लाल यादी' ठेवते. तींत चंदन 'असुरक्षित' या वर्गांत आहे. त्याचा सुगंधी गाभा तयार होण्यास कित्येक वर्षें लागतात. चोराच्या कुऱ्हाडीस एक रात्र पुरते. दगडफुलाच्या वर्गांत सुमारें वीस हजार जाती आहेत. त्यांतील पहिल्या दोन २००३ सालीं यादींत आल्या, आणि बहुतेकांची तपासणी अद्यापि झालेलीच नाहीं.

परंतु ज्याची उत्तरपत्रिका तपासलीच नाहीं, त्यास उत्तीर्ण कसें म्हणावें? यादींत नांव नाहीं म्हणजे धोका नाहीं, असें विद्यार्थ्यांनीं समजूं नये. दगडफूल वर्षाकांठीं फार तर कांहीं मिलिमीटर वाढतें, आणि त्याच्या कित्येक जातींस धुरकट हवा सोसत नाहीं.

तेव्हां मुलांनीं पावसाळ्यांत झाडांची साल भिंगांतून पाहावी. खरवडूं मात्र नये. आणि पालकांस विनंती कीं, बांधावर चंदनाचें रोप उगवलें असल्यास त्याच्या शेजारचें झाड तोडूं नये. ज्याचें रक्षण करावयाचें, त्याची ओळख आधीं हवी.