कारखान्यातले काम गिऱ्हाइकाला दाखवा

तयार वस्तूची किंमत गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा जास्तच वाटते. वस्तू त्याच्यासमोर असते, तिच्यामागची मेहनत मात्र कारखान्याच्या भिंतीआड राहते. ही मेहनत छायाचित्रांतून कशी दाखवावी, याचा विचार या लेखात आपण मिरजेच्या तंतुवाद्यांच्या उदाहरणावरून करू.

मिरजेत सतार, तानपुरे बनविण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. 2024 साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने गावाचे नाव जपले जाते. पण गिऱ्हाइकाला अमुक एका कारागिराच्या दारापर्यंत आणण्याचे काम ते करीत नाही. परगावचा गायक दुकानातून तानपुरा घेतो, तेव्हा तो कोणाच्या हातचा आहे हे त्याला कळेलच असे नाही. नफ्यातला आणि नावलौकिकातला कारागिराचा वाटा येथेच निसटतो. म्हणून आपली ओळख आपणच उभी करावी लागते. त्यासाठी खिशातला मोबाइल पुरेसा आहे.

कोणती छायाचित्रे घ्यावीत?

एकाच तानपुऱ्याचा प्रवास सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपावा.

1) वाळवलेल्या भोपळ्यांची रास आणि त्यातून निवड करणारा हात.
2) भोपळा कापणे, भिजवणे, आतून साफ करणे.
3) तुनाच्या लाकडाची दांडी कोरणे व ती भोपळ्याला जोडणे.
4) नक्षीकाम.
5) पॉलिशचे हात.
6) तारा चढवणे आणि घोडीवर जवारी काढणे.

शेवटची पायरी विशेष महत्त्वाची आहे. घोडीचा पृष्ठभाग किंचित घासून तारेचा झंकार जुळवायचा, हे काम कानाचे आहे. तारेला कान देऊन बसलेल्या उस्तादाचा चेहरा आला, की वाद्याला इतके दिवस का लागले हे निराळे सांगावे लागत नाही.

फोटो काढताना

खिडकीचा उजेड एका बाजूने येईल असे बसावे. त्यामुळे कोरीव काम उठून दिसते. पॉलिशवर फ्लॅश चमकतो, तो बंद ठेवावा. लेन्स स्वच्छ पुसावी. एक फोटो दुरून, एक हातांचा जवळून घ्यावा. भुसा, पटाशी, घासकागद जागच्या जागी राहू द्यावेत. ती कामाची खूण आहे. मात्र चहाचे कप आणि लोंबणाऱ्या वायरी हलवाव्यात. कारागिराला कॅमेऱ्याकडे पाहायला सांगू नये. त्याचे लक्ष कामावर असले, की चित्र खरे उतरते.

सचोटी सांभाळा

दुसऱ्याच्या कारखान्याचे फोटो आपले म्हणून वापरू नयेत. एखादा भाग यंत्रावर होत असेल, तर तो हाताचा म्हणून दाखवू नये. ज्याने काम केले त्याची परवानगी घ्यावी आणि त्याची इच्छा असेल तर चित्राखाली त्याचे नाव द्यावे. मजुराचे हात वापरून केवळ मालकाचे नाव मोठे करणे न्यायाचे नाही. घराण्यातली एखादी खास युक्ती असेल, तर ती वगळण्यास हरकत नाही. कामाची ओळख करून द्यायची आहे, कसब वाटून टाकायचे नाही.

उपयोग कसा करावा?

प्रत्येक चित्राखाली तारीख आणि एक ओळ लिहावी. चौकशी करणाऱ्याला किंमत सांगण्याआधी ही चित्रे व्हॉट्सॲपवर पाठवावीत. ऑर्डर घेतल्यावर त्याच्याच वाद्याचे दोन-तीन टप्पे कळवावेत. आगाऊ रक्कम देणाऱ्याला त्याने धीर येतो. वाद्य सुपूर्द करताना छापील संच सोबत द्यावा. पुढे दुरुस्तीची वेळ आली, तर ते कोणाकडे न्यायचे हे त्याला ठाऊक असेल.

हीच रीत सुतार, शिंपी, जरीकाम करणारे आणि चर्मकार बांधवांनाही उपयोगी पडेल. खर्च फारसा नाही. आठवड्यातून अर्धा तास आणि थोडी शिस्त, एवढेच भांडवल पुरते.