आठ्या गेल्या, पापणी उतरली

बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं काढल्यावर माझ्या दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेघा कायमच्या वस्तीला आल्या. मी अजिबात चिडलेली नसताना समोरचे आजोबा पासबुक सरकवता सरकवता विचारायचे, "मॅडम, माझं काही चुकलं का?" शेवटी पुतणीच्या लग्नाला आठ दिवस उरले असताना, एका शनिवारी सकाळी, त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन बोटॉक्स घेतलं. आठ दिवस आधी घेतलं ही पहिली चूक, पण तिच्याकडे नंतर येते.

डॉक्टरांनी टिकली काढायला लावली, कपाळ पुसलं, आठ्या घालायला सांगितल्या आणि पाच जागी टोचलं. एकूण २० युनिट. मुंगी चावावी इतपत दुखलं. निघताना त्या म्हणाल्या, "आता तासभर मधूनमधून आठ्या घालायच्या आणि सोडायच्या. कपाळाला हात मात्र लावायचा नाही." एक छापील कागदही दिला. मी तो न वाचताच घडी करून पर्समध्ये टाकला.

रिक्षात बसून मी इमानेइतबारे आठ्या घालत होते. रिक्षावाल्याने आरशात दोनदा पाहिलं आणि न मागता सुटे पैसे काढून ठेवले.

हा आठ्यांचा व्यायाम काही थोतांड नव्हे. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २२ बायकांवर तो करून पाहिला. टोचल्यानंतर कपाळाचा व्यायाम केला, तर परिणाम साधारण एक दिवस लवकर दिसतो आणि दोन आठवड्यांनी बघावं तर व्यायाम केला काय, न केला काय, फरक शून्य, असं त्यांना आढळलं. म्हणजे फायदा किती, तर एका दिवसाचा. मी मात्र त्यातून माझ्या सोयीचा अर्थ काढला: थोडा व्यायाम चांगला, तर भरपूर व्यायाम अधिक चांगला.

त्याच संध्याकाळी मोबाइलवर फेस योगाचा एक व्हिडिओ लावला. खोबरेल तेल घेतलं. अंगठे भुवयांच्या खाली रुतवून बाहेरच्या बाजूला ओढायचे, मग नाकाच्या मुळापासून वर कपाळाकडे दाबत न्यायचं. दहा मिनिटं. त्यातली पहिली दोन मिनिटं व्यायाम होता, उरलेली आठ निव्वळ मालिश. हा फरक तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही. स्नायू आपणहून हलतो तो व्यायाम. बोटांनी कातडी आणि तिच्याखालचं सगळं ढकलतो ती मालिश. नाव योगाचं असलं तरी बोटं बोटांचंच काम करतात. रविवारी सकाळी पुन्हा तेच केलं आणि दुपारी पार्लरमध्ये थ्रेडिंगला गेले. तिथे कपाळ वर ताणून धरायचं काम माझ्याचकडे होतं.

बुधवारी सकाळी काजळ घालताना उजवा डोळा छोटा दिसला. वाटलं, झोप झाली नसेल. ऑफिसात मैत्रीण म्हणाली, "डोळ्याला काही चावलं का गं?" संध्याकाळी मेंदीच्या यादीसाठी पुतणी आली, ती तर सरळच म्हणाली, "काकू, तू कुणाला डोळा मारतेयस?" पापणी बुबुळाच्या वरच्या काठावरून खाली आली होती.

डॉक्टरांनी पट्टी लावून मोजलं, दोन मिलिमीटर. मग समजावलं. हे औषध स्नायूला मारत नाही. मज्जातंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, त्याच्यामार्फत स्नायूला हुकूम पोचतो. ते सुटणंच हे औषध थांबवतं. पापणी उचलणारा स्नायू भुवईच्या हाडाच्या लगेच मागे असतो. दोन थेंब तिकडे सरकले की तोही ढिला पडतो. "मालिशमुळेच झालं का?" मी विचारलं. त्या प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, न चोळताही हे होतं. मूळच्या चाचण्यांत शंभरात तिघांच्या आसपास लोकांची पापणी उतरली होती. पण भुवईखाली अंगठा दाबणं म्हणजे त्याला वाट दाखवणंच.

गंमत बघा, हे औषध मुळात डोळ्यांचंच. अमेरिकेत १९८९ साली त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा विकार यांसाठी. पुढे कॅनडातल्या डोळ्यांच्या डॉक्टर जीन करुथर्स आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती अॅलिस्टर यांनी १९९२ साली त्याचा आठ्यांवरचा उपयोग छापून आणला. डोळ्याकडून भुवयांकडे गेलेलं औषध माझ्या बाबतीत भुवयांकडून परत डोळ्याकडे आलं.

यावर उतारा नाही. अॅप्राक्लोनिडिनचे थेंब मिळाले, ते पापणीतल्या दुसऱ्या एका छोट्या स्नायूला चेतवून एखाद-दोन मिलिमीटर उचल देतात, तेही काही तासांपुरती. पापणी लवकर वर यावी म्हणून मी आरशासमोर कपाळ ताणायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी तेही बंद करायला लावलं. वीज गेलेली असताना बटण दाबत बसण्यातला प्रकार तो. मज्जातंतू आपल्या वेळेने सावरतो. माझी पापणी पाच आठवड्यांनी पूर्ववत झाली. लग्नाच्या अल्बममध्ये मी सगळीकडे उजवीकडे मान वळवून उभी आहे.

तर ज्यांना समारंभासाठी हे करायचंय, त्यांनी निदान महिनाभर आधी करा. परिणाम तीन-चार दिवसांत सुरू होतो, पण पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात, आणि कमीजास्त झालं तर सावरायला हाताशी दिवस हवेत. फेशियल, थ्रेडिंग, चंपी आधीच उरकून घ्या. टोचल्यावर चार तास आडवं पडू नका, त्या दिवशी सूर्यनमस्कार आणि शीर्षासन नको, घट्ट हेल्मेटही नको (पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको). आठ्या घालायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर जरूर घाला, हात मांडीवर ठेवून. गर्भारपणात, अंगावर पाजत असताना किंवा स्नायूंच्या दुर्बलतेचा आजार असेल तर हे घेऊच नका. आणि गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर पार्लर, व्हिडिओ, मैत्रीण यांपैकी कुणालाही विचारू नका, थेट रुग्णालयात जा.

तो कागद मी बुधवारी रात्री पर्समधून काढून वाचला. दुसऱ्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: चोळू नये. टिकलीबद्दल त्यात काही नव्हतं, म्हणून ते मी सांगते. टिकली दुसऱ्या दिवशी लावा, आणि लावताना दाबू नका.