रेझर तेवढा तुझा वेगळा ठेव गं

अगं, जोडीदाराचा शर्ट घाल, त्याच्या कपातला चहा पी, पण त्याच्या रेझरला हात लावू नकोस. घाईच्या सकाळी समोर दिसेल तो उचलला जातो, माहितीये मला. मीही उचलायचे. पायांवर पुरळ उठलं की दोष साबणाला द्यायचे आणि साबण बदलत बसायचे!

बघ, पातं फिरताना कातडीला न दिसणारे काप पडतात. पात्यावर त्याच्या रक्ताचा अंश असला की तो तुझ्या कापात जातो. पुरळाचं सोड, ते बरं होतं. खरी काळजी हेपॅटायटिस बीची, रक्तातून पसरणाऱ्या काविळीची. तिचा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस जगतो, त्यामुळे नळाखाली पातं खळबळून भागत नाही. शिवाय डोळे पिवळे होतीलच असं नाही. अनेकांना आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नसतं.

लगेच घाबरू नकोस गं. खरं सांगू का, एका ताटात जेवून किंवा मिठी मारून ही कावीळ होत नाही. पण ती शरीरसंबंधातून पसरते, बाळंतपणात आईकडून बाळालाही जाते. म्हणून नुसता रेझर वेगळा करून थांबू नकोस. दोघं मिळून एकदा रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना लसीचं विचारा. पहिला डोस, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा, झालं. बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर पोचली ती 2011च्या सुमारास. तुला लहानपणी मिळाली असेलच असं धरून चालू नकोस. हेपॅटायटिस सीवर औषध आहे, पण लस नाही, म्हणून पात्याची शिस्त हवीच.

नेलकटर आणि टॉवेलही वेगळे ठेव, विशेषतः पावसाळ्यात. टॉवेल धड वाळत नाहीत आणि एकाचा नायटा दोघांना होतो. झालाच तर दुकानातून कुठलीही ट्यूब आणून चोळू नकोस. त्यात स्टेरॉइड असलं की खाज थांबते, नायटा मात्र पसरत जातो.

कंगव्यावरून भांडू नकोस बाई. कोंडा काही लागत नाही. उवा मात्र लागतात, त्या असतील तेव्हाच कंगवा वेगळा ठेव.

आणि त्याला सांगायचं कसं, याचा एवढा घोर कशाला? वाण्याच्या यादीत साखर-चहापत्तीखाली तुझ्या रेझरचं पाकीट लिहून टाक. दातांच्या ब्रशचंही तेच. प्रवासात तो ब्रश विसरला, तर स्टेशनवर नवा घ्यायला लाव. तुझा द्यायचा नाही, कितीही लाडीगोडी लावली तरी!